व्हेरिएबल : जाहीर करणे आणि नाव देणे

प्रोग्राम चालू असताना एखादी किंमत साठवून ठेवायची आणि पुढे हवी तेव्हा वापरायची, तर तिला नाव द्यावे लागते. हे नाव आणि त्या नावाने साठवलेली किंमत मिळून व्हेरिएबल होते. बहुतेक भाषांत लहानसा उपयोगी प्रोग्रामही दोन-चार व्हेरिएबलांशिवाय सहसा लिहिला जात नाही. देगलूरच्या मोंढ्यात सोयाबीन विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती जी हिशोबपट्टी येते, तिचाच प्रोग्राम करायचा तर पायथन भाषेत तो असा होईल :

कट्टे = 21
वजन = 10.5
भाव = 4400
रक्कम = वजन * भाव
हमाली = कट्टे * 12
देय = रक्कम - हमाली

भाव आणि हमालीचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. पन्नास किलोचा एक याप्रमाणे एकवीस कट्ट्यांचे साडेदहा क्विंटल झाले, रक्कम 46,200 रुपये झाली आणि 252 रुपये हमाली वजा जाऊन 45,948 रुपये देय राहिले. या सहा ओळी पायथनच्या तिसऱ्या पिढीत जशाच्या तशा चालतात. डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या पायथन 3.0 पासून व्हेरिएबलांची नावे देवनागरीत देता येतात. त्याआधी ती रोमन अक्षरांतच द्यावी लागत. आकडे मात्र आजही इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. ‘भाव = ४४००’ असे लिहिले तर पायथन ती ओळ नाकारतो.

यातले बरोबरीचे चिन्ह नवशिक्याला सर्वांत आधी अडवते. दहावीच्या गणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘भाव = भाव + 50’ ही ओळ अशक्य आहे, कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा पन्नासने मोठी नसते. प्रोग्राममध्ये ही ओळ रोजच्या वापरातली आहे. येथे = हे चिन्ह समानता सांगत नाही, आज्ञा देते : उजवीकडचा हिशेब आधी करा आणि जे उत्तर येईल ते डावीकडच्या नावाखाली ठेवा. म्हणून ‘4400 = भाव’ असे उलटे लिहिता येत नाही. दोन किमती सारख्या आहेत का हे विचारण्यासाठी बहुतेक भाषांत == असे जोडचिन्ह वापरतात.

दुसरा गोंधळ एक्सेलची सवय असलेल्यांचा होतो. एक्सेलमध्ये वजन आणि भाव यांच्या गुणाकाराचे सूत्र एकदा टाकले, की नंतर भाव बदलताच रक्कमही आपोआप बदलते. प्रोग्रामात तसे होत नाही. वरच्या सहा ओळी चालून गेल्यावर सातव्या ओळीत ‘भाव = 4450’ लिहिले, तरी रक्कम 46,200 च राहते. गुणाकार ज्या क्षणी झाला त्या क्षणीच्या भावाचे उत्तर तेथे साठवले गेले. ते कशावरून आले याची नोंद प्रोग्राम ठेवत नाही. नवी रक्कम हवी असेल तर गुणाकाराची ओळ पुन्हा चालवावी लागते.

पायथनमध्ये किंमत दिली की व्हेरिएबल तयार होते. सी, सी++, जावा, पास्कल या भाषांत मात्र व्हेरिएबल वापरण्यापूर्वी ते जाहीर करावे लागते. महाराष्ट्रात बारावीच्या कॉम्प्युटर सायन्स विषयात अनेकांनी सी++ शिकली, त्यामुळे मराठवाड्यातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांची या विषयाशी पहिली ओळख ‘डिक्लेरेशन’ याच शब्दाने झालेली असते. जाहीर करणे म्हणजे नाव आणि प्रकार आधी सांगून ठेवणे. सी भाषेत ‘इंट कट्टे’ म्हणजे कट्टे या नावाखाली पूर्णांक येईल, ‘फ्लोट वजन’ म्हणजे वजन अपूर्णांकात येईल. (इंट आणि फ्लोट हे शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकावे लागतात.) या माहितीवरून कम्पायलर दोन गोष्टी ठरवतो : मेमरीत किती जागा राखायची आणि त्या जागेतील शून्य-एकची रांग कशी वाचायची. एकच रांग पूर्णांक म्हणून वाचली तर एक संख्या निघते, अपूर्णांक म्हणून वाचली तर भलतीच.

प्रकार चुकला की काय होते ते याच पट्टीवर दिसते. सी भाषेत वजन हे इंट म्हणून जाहीर केले आणि त्यात 10.5 भरले, तर दशांशचिन्हापुढचा भाग गळून 10 उरतात. प्रोग्राम थांबत नाही. अर्धा क्विंटल सोयाबीन, म्हणजे 4400 च्या भावाने 2200 रुपये, हिशेबातून गायब होतात.

इंटलाही मर्यादा असते. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे टर्बो सी हा डॉसवर चालणारा कम्पायलर वापरला गेला. त्यात इंटला दोन बाइट, म्हणजे सोळा बिट मिळत आणि त्यात -32,768 ते 32,767 एवढ्याच संख्या मावत. दहा क्विंटल वजन आणि 4400 भाव हे दोन्ही इंट घेऊन गुणले तर उत्तर 44,000 ऐवजी -21,536 येत असे. माल विकून शेतकऱ्याकडेच साडेएकवीस हजार रुपये निघतात, असे सांगणारी ही पट्टी! आजच्या बहुतेक कम्पायलरांत इंट चार बाइटचा असतो आणि त्याची मर्यादा दोन अब्जांच्या पुढे जाते, म्हणून ही चूक आता विद्यार्थ्यांच्या सहसा वाट्याला येत नाही. पण सोळा बिटांच्या याच मर्यादेने एक अग्निबाण पाडला आहे. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून सुटलेला एरियान 5 हा युरोपीय अग्निबाण चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाला. आडव्या वेगाशी संबंधित एक किंमत चौसष्ट बिटांच्या अपूर्णांकातून सोळा बिटांच्या पूर्णांकात टाकली जात होती. आधीच्या एरियान 4 च्या उड्डाणात ती मावत असे, या नव्या आणि अधिक वेगवान अग्निबाणात मावली नाही.

पैशांसाठी फ्लोट वापरू नये, असे जाणते प्रोग्रामर सांगतात. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि 0.1 ही साधी संख्याही त्या पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. पायथनला 0.1 आणि 0.2 यांची बेरीज विचारली तर 0.30000000000000004 असे उत्तर मिळते. हजारो पट्ट्यांची बेरीज करताना असे कण साठून पैशाचा फरक दिसू शकतो. यावर सोपा उपाय म्हणजे रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवणे.

आकड्यांसारखे दिसणारे सगळेच आकडे नसतात. फोन क्रमांक, पिनकोड, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, म्हणून ते अक्षरमाळा, म्हणजे स्ट्रिंग या प्रकारात ठेवावेत. नांदेडचा दूरध्वनी कोड 02462 आहे. सी भाषेत तो संख्या म्हणून लिहिला तर सुरुवातीच्या शून्यामुळे कम्पायलर त्याला अष्टमान संख्या समजतो आणि 1330 साठवतो. लातूरचा कोड 02382. त्यात 8 हा अंक आहे, तो अष्टमान पद्धतीत नसतोच, म्हणून लातूरच्या बाबतीत कम्पायलर चूक दाखवून थांबतो. लातूरकर सुटले म्हणायचे. नांदेडच्या चुकीचा पत्ता लागायला फोन लागत नाही अशी तक्रार यावी लागेल. पायथन हे दोन्ही कोड नाकारतो. दोन्ही अवतरणचिन्हांत घातले, की ते अक्षरमाळा होतात आणि प्रश्न मिटतो.

सवयीने दिलेला स्वल्पविराम हाही असाच. ‘रक्कम = 46,200’ ही ओळ पायथन बिनतक्रार स्वीकारतो, पण रक्कम या नावाखाली 46 आणि 200 अशा दोन संख्यांची जोडी साठवतो. वाचायला सोपे जावे म्हणून अंक तोडायचेच असतील तर 46_200 असे लिहिता येते.

सी भाषेत व्हेरिएबल जाहीर झाले म्हणजे त्यात किंमत आली असे नाही. फंक्शनच्या आत जाहीर केलेल्या व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत दिली नाही, तर त्या जागेत आधीच्या कामाचे जे काही उरले असेल तेच त्याची किंमत ठरते. त्याला गार्बेज व्हॅल्यू म्हणतात. बेरजेसाठी ठेवलेले व्हेरिएबल शून्यापासून सुरू केले नाही, तर उत्तर कधी बरोबर येते, कधी नाही, आणि ही लहर शोधणे फार त्रासाचे असते. जावा असे व्हेरिएबल वाचूच देत नाही. सी वापरणाऱ्याने जाहीर करतानाच किंमत देण्याची सवय लावून घेतलेली बरी.

आधी जाहीर करा, हा नियम अनेकांना उगीचचा व्याप वाटतो. 1957 मध्ये आयबीएमने आणलेल्या फोरट्रान भाषेत तो नव्हता : नावाचे पहिले रोमन अक्षर आय ते एन यांपैकी असेल तर व्हेरिएबल पूर्णांक, नाहीतर अपूर्णांक, असा सरळ हिशेब होता. नाव टंकताना एखादे अक्षर चुकले, की मात्र तेथे नवेच व्हेरिएबल तयार होई. पुढे फोरट्रानमध्येच ‘इम्प्लिसिट नन’ ही ओळ आली. ती लिहिली की जाहीर न केलेले प्रत्येक नाव चूक ठरते. जावास्क्रिप्टचा प्रवासही तसाच झाला. 1995 साली आलेल्या या भाषेत जाहीर न केलेल्या नावाला किंमत दिली, की सगळ्या प्रोग्रामभर पसरणारे व्हेरिएबल तयार होई. 2009 च्या ‘स्ट्रिक्ट मोड’ने त्याला आळा घातला आणि 2015 पासून ‘लेट’ व ‘कॉन्स्ट’ या शब्दांनी जाहीर करण्याची पद्धत रूढ झाली. एक्सेलचे मॅक्रो लिहिणाऱ्यांनी पहिल्या ओळीत ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’ लिहावे असे सांगतात, तेही याच कारणाने.

पायथनमध्ये असा कोणताही पहारेकरी नाही आणि मराठीत नावे देणाऱ्याला त्याची झळ जास्त लागते. पुढच्या दोन ओळी पाहाव्यात :

एकूण_रक्कम = 46200
एकुण_रक्कम = एकूण_रक्कम - 252

दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला उकार ऱ्हस्व पडला आहे. माणसाचे लक्ष तेथे जात नाही. पायथनला ही दोन वेगळी नावे दिसतात. तो तक्रार न करता दुसरे व्हेरिएबल बनवतो आणि पहिल्यात 46,200 तसेच राहतात. हीच चूक उजवीकडे झाली असती तर ‘असे नाव माहीत नाही’ म्हणून प्रोग्राम थांबला असता. म्हणजे अशा भाषेत न दिसणारी चूक नेहमी डाव्या बाजूला दडलेली असते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक नसेल तेथेही धोका आहेच. हिशेब आणि हिशोब ही दोन्ही रूपे मराठीत चालतात. एका प्रोग्रामात मात्र त्यांतले एकच निवडून शेवटपर्यंत पाळावे लागते. रोमन अक्षरांत मराठी नावे लिहून यातून सुटका होत नाही. देगलूर याच नावाचे इंग्रजी लेखन कुठे एका ‘यू’ने, तर कुठे दोन ‘ओ’ंनी केलेले आढळते. गावाच्या पाटीवर त्याने काही बिघडत नाही, व्हेरिएबलच्या नावात बिघडते.

याहून छुपी अडचण ‘शेतकऱ्याचे_नाव’ यासारख्या नावात आहे. यातला ऱ्या युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य येतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य येतात. कोणता प्रकार उमटणार हे कीबोर्डवर अवलंबून असते आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पायथन पहिला प्रकार स्वीकारतो, दुसऱ्यातल्या अदृश्य चिन्हाला हरकत घेतो. जावास्क्रिप्ट दोन्ही स्वीकारते, पण दोन वेगळी नावे म्हणून, आणि ते अधिक वाईट. ‘शेतकरी_नाव’ असे मूळ रूप ठेवले की हा प्रश्न येतच नाही. गो भाषेची तऱ्हा तर आणखी वेगळी आहे. तिच्या नियमात नावात अक्षरे आणि अंक चालतात, पण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांना युनिकोडने अक्षरांच्या वर्गात धरलेले नाही. म्हणून गोमध्ये ‘वजन’ हे व्हेरिएबल चालते आणि ‘भाव’ चालत नाही.

नावांचे बाकीचे नियम बहुतेक भाषांत सारखे आहेत. नावाची सुरुवात अक्षराने किंवा अधोरेखेने होते, अंकाने होत नाही : भाव1 चालते, 1भाव चालत नाही. (भाव१ हेही पायथनला चालते, पण ते भाव1 पासून वेगळे नाव आहे.) मध्ये जागा सोडता येत नाही. जोडरेघही देता येत नाही, कारण ‘एकूण-रक्कम’ ही यंत्राच्या लेखी वजाबाकी ठरते. भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द नाव म्हणून वापरता येत नाहीत. पायथनमध्ये असे 35 शब्द आहेत आणि ते सगळे रोमन लिपीत असल्याने देवनागरी नावाची त्यांच्याशी टक्कर होत नाही. सी, जावा, पायथन या भाषा रोमन नावांतली मोठी आणि लहान अक्षरे वेगळी मानतात. तेथे शब्द जोडताना पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे काढण्याची किंवा न बदलणाऱ्या किमतींची नावे सगळी मोठ्या अक्षरांत लिहिण्याची रीत आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे शब्द जोडायला केवळ अधोरेखा उरते.

न बदलणाऱ्या किमतींना स्थिरांक म्हणतात. मोंढ्यातला भाव रोज बदलतो. केंद्र सरकारचा हमीभाव हंगामभर एकच राहतो. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 साठी क्विंटलला 4892 रुपये होता, 2025-26 साठी 5328. अशी किंमत सी++ किंवा जावास्क्रिप्टमध्ये ‘कॉन्स्ट’ म्हणून जाहीर केली, की पुढे कोणी ती चुकून बदलू गेल्यास भाषाच अडवते. पायथनमध्ये ही सोय नाही, म्हणून नावातच ‘स्थिर_हमीभाव’ असे सुचवून ठेवावे लागते. प्रोग्रामात जागोजागी 4892 हा आकडा लिहिण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. पुढच्या हंगामात एकच ओळ बदलावी लागते आणि वाचणाऱ्याला 4892 म्हणजे काय, असा प्रश्न पडत नाही.

नाव काय द्यावे, हा नियमांचा नव्हे तर विवेकाचा भाग आहे आणि नवशिके त्याला सर्वांत कमी वेळ देतात. यंत्राला क, ख, ग ही नावेही तितकीच चांगली असतात. नावे वाचावी लागतात ती माणसाला. बीजगणितात एकाक्षरी चिन्हांची परंपरा मात्र जुनी आणि आपल्याकडचीच आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ या ग्रंथात पहिली अज्ञात संख्या यावत्तावत् आणि पुढच्या कालक, नीलक, पीतक अशा रंगांच्या नावांच्या आहेत. समीकरणात त्यांची पहिली अक्षरे, या, का, नी, पी, एवढीच लिहीत. ज्ञात संख्येपुढे रूप या शब्दातला रू येई. समीकरण चार ओळींत सुटते, तोवर नी म्हणजे काय हे सोडवणाऱ्याच्या डोक्यात असते. चारशे ओळींच्या प्रोग्रामात, सहा महिन्यांनी, ते लिहिणाऱ्याच्याही डोक्यात राहत नाही.

परिमाण नावात असणे विशेष उपयोगाचे. काटा वजन किलोत देतो, भाव क्विंटलचा असतो. वजन या नावाखाली कोणी 1050 किलो भरले आणि दुसऱ्याने ते क्विंटल समजून 4400 ने गुणले, तर पट्टी 46 लाख 20 हजारांची होते. ‘वजन_किलो’ आणि ‘भाव_प्रति_क्विंटल’ ही नावे शेजारी आली, की शंभराने भागायचे राहिले हे वाचतानाच कळते. अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर 1999 मध्ये मंगळाजवळ असल्याच घोटाळ्याने गमावले गेले : एका प्रोग्रामने बलाचा आवेग पौंड-सेकंदांत दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंदांत धरला. फार लांब नावेही बरी नव्हेत. ‘शेतकऱ्याला_द्यायची_निव्वळ_रक्कम’ हे सहाव्यांदा वाचताना कंटाळा येतो, ‘देय’ पुरते. तीन ओळींपुरत्या लागणाऱ्या मोजणीच्या व्हेरिएबलला एक अक्षरही चालते. नाव किती दूरवर वापरले जाणार आहे, त्या बेताने त्याची लांबी ठरवावी.

व्हेरिएबल कुठून कुठवर ओळखले जाते, याला त्याची व्याप्ती म्हणतात. फंक्शनच्या आत जाहीर केलेले नाव बाहेर दिसत नाही. पायथनमध्ये बाहेर भाव = 4400 असताना फंक्शनच्या आत भाव = 4450 लिहिले, तर आत त्याच नावाचे दुसरे व्हेरिएबल तयार होते आणि बाहेरचा भाव 4400 च राहतो. यामुळे पट्टीच्या फंक्शनमधली रक्कम आणि पावतीच्या फंक्शनमधली रक्कम एकमेकींत मिसळत नाहीत. जाहीर करायचे ते लागेल तेवढ्याच जागेत, वापराच्या शक्य तितके जवळ करावे, असा संकेत आहे.

एकदा दिलेले नाव पुढे बदलावेसे वाटले तर एडिटरमधली शोधा-आणि-बदला ही सोय जपून वापरावी लागते. ‘भाव’ च्या जागी ‘दर’ घालायला सांगितले की ‘हमीभाव’ चे ‘हमीदर’ होते आणि पट्टीवर छापायच्या मजकुरातले भावही बदलतात. प्रोग्रामिंगसाठीच्या एडिटरांत यासाठी वेगळी आज्ञा असते. ती नावाची व्याप्ती पाहते आणि तेच व्हेरिएबल जिथे जिथे आले आहे तेवढ्याच जागा बदलते.